धूळ नसलेला काळ

काल दोन जुन्या गाद्या पिंजायला नेल्या. दुकानात कापसाची बारीक धूळ उडाली, घसा खवखवला आणि मी पंचवीस वर्षांपूर्वीच्या आमच्या अंबडच्या ओसरीत जाऊन पोचले.

माझे वडील, अण्णा, कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आले होते. भुवया, कान, सगळं पांढरं. रोजच्यासारखा दाराबाहेर सदरा झटकून ते पायरीवर खोकत बसले. त्यांना आवडायचं म्हणून मी बी.एस्सी.च्या पुस्तकातलं वाचून दाखवत होते. सुरुवातीच्या विश्वात धूळ नव्हतीच. पहिले तारे जळून फुटले, तेव्हा त्यांच्यातून ती निघाली आणि पुढे दीर्घिकांमध्ये साचत गेली.

"त्याच्या आधी बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही, अण्णा."

"मंग तवा दम घ्यायला बरं असंल, माय."

मी हसले. "तेव्हा हवाही नव्हती," म्हणत त्यांची चूक दुरुस्त केली.

माझ्या वहीत त्या आठवड्याच्या कामांत 'अण्णांना जालन्याला छातीच्या डॉक्टरकडे नेणे' असं लिहिलेलं होतं. परीक्षेनंतर नेऊ, म्हणून ते मी पुढच्या पानावर उतरवलं. उन्हाळ्यात अण्णा गेले.

दम लागतो, हे ते उभ्या जन्मात एकदाच बोलले, आणि मी त्यांना विज्ञान शिकवलं.