धाकटीने फोल्ड केलेले दोन एक्के

माझ्या धाकट्या बहिणीसारखी शर्टाची घडी आख्ख्या बाजारात कुणी घालत नाही. भाऊ म्हणून नाही सांगत, खरं आहे म्हणून सांगतोय. आमची लॉन्ड्री आहे. इस्त्रीत माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय, पण घडी तिचीच. कॉलर ताठ, बाह्या आत, बटणं एका रेषेत. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, घरी नेल्यावर घडी मोडवत नाही हो."

अशी ही बाई मोबाइलवर पोकर शिकली. आणि शिकवलं कुणी? मीच, दुसरं कोण!

झालं असं. तिची एकुलती एक पोरगी, म्हणजे माझी भाची, नोकरीला लांब गेली. पोरीचे वडील तर कधीच गेले, त्यामुळे या दोघीच एकमेकींना. फोन यायचा रोज, पण कसला फोन! "जेवलीस?" "जेवले. तू?" "हो." "बरं, ठेवते." संपलं. धाकटी फोन ठेवून तशीच उभी राहायची, हातात कुणाची तरी पँट.

एकदा पोरगीच म्हणाली, "आई, आम्ही मैत्रिणी रविवारी दुपारी ऑनलाइन पोकर खेळतो. पैसे नसतात गं, ॲपमधल्या फुकटच्या चिप्स, खोटे पैसे म्हण. खेळता खेळता गप्पा चालतात. तू पण ये ना."

"मला कुठं येतंय?"

"मामा आहे की!"

बघा, पोरीला पण माहीत. शाळेत मी फार टिकलो नाही, पण पत्त्यात मला हरवणारा दाखवा.

पहिल्या रविवारी मोबाइल स्टार्चच्या बाटलीला टेकवून ठेवला. मैत्रिणींचे आवाज यायला लागले. त्यातल्या एकीचा आवाज असा, की मी तिचं नाव भोंगा ठेवलं. प्रत्येकाला दोन पत्ते आले. धाकटीला काय यावं? एक्का बदाम, एक्का इस्पिक! माझ्या अंगावर काटा आला. खाली बटणं होती, पहिलंच बटण 'फोल्ड'. हिनं खुशाल दाबलं! पत्ते गायब.

"काकू, काय होतं तुमच्याकडे?" भोंगा.

"दोन एक्के."

मग जो काय हशा उठला! "काकू, दोन एक्के टाकलेत?"

"टाकले कुठं? घडी घालून ठेवले."

आता सांगा, यात तिचं काय चुकलं? आमच्या दुकानात फोल्ड म्हणजे घडी. जन्मभर बाई घडीच घालत आली. तिकडे फोल्ड म्हणजे पत्ते टाकून डावातून बाहेर. पोरगी हसून हसून बेजार झाली. "आई, तू ना!" म्हणाली. एवढ्या मोठ्यानं ती फोनवर हसल्याचं मला आठवत नाही.

मी ठरवलं, आता शिकवायचंच. दुसऱ्या रविवारी सांगितलं, "फोल्डला हातच लावायचा नाही. आणि इस्पिक म्हणजे हुकूम, इस्पिक आलं की बिनधास्त लाव." इस्पिकची दुर्री आली. मी म्हटलं लाव सगळ्या चिप्स. लावल्या. गेल्या. पत्तेच फालतू होते, माझ्या शिकवण्यात काही खोट नव्हती.

पण तेव्हा कळलं, त्या ॲपमध्ये ज्याच्या चिप्स संपतात त्याचा आवाजही बंद होतो, आणि त्याला बाकीच्यांचाही ऐकू येत नाही. पोरगी सांगत होती, "आई, ऑफिसात ना, साहेब रोज सगळ्यांसमोर मला..." आणि तिथंच टप्प! आवाज गेला.

धाकटीनं मला विचारलं, "दादा, काय सांगत होती ती?"

संध्याकाळी फोनवर विचारलं तर पोरगी म्हणाली, "काही नाही गं, असंच." मग नेहमीचं, जेवलीस का.

तेव्हा धाकटीच्या डोळ्यात मी जे बघितलं ना! "दादा, मला नीट शिकव. मला त्या टेबलावर बसून राहायचंय."

मी शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, पोकरमध्ये हुकूम इस्पिकचा ना? तो हसला. "दादा, पोकरमध्ये हुकूमच नसतो!" मी म्हटलं, "ठाऊक आहे रे, तुझी परीक्षा घेत होतो." मग त्यानं सगळं सांगितलं. हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच उघडे. या सातातून आपले चांगले पाच धरायचे. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्याहून तीन सारखे, मग ओळीनं पाच, मग एका रंगाचे पाच, अशी चढण. चेक म्हणजे काही न लावता पुढं ढकलणं, कॉल म्हणजे समोरच्याइतकं लावणं, रेज म्हणजे वाढवणं. आणि सगळ्यात पहिला धडा, फालतू पत्ते आले की फोल्ड करून गप्प बसायचं.

इस्त्रीच्या टेबलावर पत्ते मांडून मी तिला हे सगळं सांगितलं, माझ्या पद्धतीनं. ती म्हणाली, "म्हणजे डाग निघणारच नसेल, तर कपडा भिजवायचाच नाही."

"अगदी तेच!" मी म्हटलं. मीही तेच सांगणार होतो.

आठवडाभर दुकानात दुसरं काही नाही. गिऱ्हाईक साडी घेऊन उभं आणि आमची धाकटी म्हणतेय, "थांबा हो, सत्ती नि तिर्री, वेगळ्या रंगाचे. फोल्ड!"

तिसरा रविवार उजाडला. शटर अर्धं खाली. अहाहा, काय खेळली! फालतू आले की फोल्ड, जोडी आली की रेज. भोंगा गेली. दुसरी गेली. तिसरी "काकू, कमाल आहे तुमची!" म्हणता म्हणता मधेच बंद पडली. टेबलावर उरल्या मायलेकी दोघीच. मी इस्त्री हातात घेऊन नाचायचाच बाकी होतो.

आणि पोरगी बोलायला लागली. साहेब सगळ्यांसमोर टाकून बोलतो. खोलीवरच्या मुलीशी पटत नाही. रात्री झोप लागत नाही. धाकटी "हं, हं" करत ऐकत होती आणि प्रत्येक डावाला फोल्ड दाबत होती. एकदा राजांची जोडी होती, तरी फोल्ड! मी कपाळावर हात मारला.

"आई," पोरगी थबकली. "तू मुद्दाम फोल्ड करतेयस ना?"

धाकटीचं बोट बटणावरच थांबलं.

"आई?"

"मोठं लावलं तर खेळ संपेल, नि खेळ संपला की तुझा आवाज जातो गं."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग पोरगी म्हणाली, "वेडी आहेस तू. नीट खेळ. खरं खेळ. तू मला मुद्दाम जिंकवलंस तर बघ!"

पुढचे पत्ते आले. राणी बदाम, राणी किलवर. धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. तिनं सगळ्या चिप्स लावल्या. पोरीनंही लावल्या. पत्ते उघडले, पोरीकडे एक्का नि राजा!

टेबलावर तीन पत्ते पडले, राजा, चव्वा, नव्वी. झालं, राजांची जोडी, पोरगी वर. चौथा दुर्री. पाचवा पत्ता फिरत फिरत आला आणि... राणी! चौकट राणी! तीन राण्या! मी असा ओरडलो की मोबाइलवाला पळत आला. "बहीण कुणाची आहे!" मी त्याला हलवून हलवून सांगितलं.

पोरीच्या चिप्स संपल्या, स्क्रीनवर चमचम झाली आणि टेबल बंद. आवाज गेला. धाकटीचा हात हवेतच राहिला.

लगेच फोन वाजला.

"आई! कशा लावल्यास गं सगळ्या! टेबलावर राजा पडल्यावरसुद्धा घाबरली नाहीस? मी तर वाटच बघत होते तू कधी..." पोरगी एका दमात बोलत होती. धाकटी हसत होती, रडत होती, दोन्ही. मग स्टुलावर नीट मांडी घालून बसली.

"हो हो, ते सगळं सांगते," ती म्हणाली. "आधी त्या साहेबाचं सांग. पहिल्यापासून सांग."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. वाफेच्या आवाजात तिला नीट ऐकू आलं नसतं.