करवतीचं गाईड

माझे यजमान ज्या मशीनवर गेले, ते विकायचं ठरलं तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली. आधी त्याचं गाईड खोलून नीट करायचं, मगच मशीन गिऱ्हाइकाला दाखवायचं.

सोलापुरात आमच्या घरामागे पत्र्याचं शेड होतं. तिथं हे हातमागाची लाकडी कामं करायचे, मधूनमधून दारं-खिडक्याही. मशीन विलायती आणि जुनं, एका गिरणीनं मोडीत काढलेलं. बिडाचं जड टेबल, त्याच्या फटीतून वर आलेली गोल करवत, आणि टेबलावर करवतीच्या बाजूला लोखंडाचं लांबट गाईड. हवं तेवढ्या अंतरावर सरकवून ते घट्ट आवळायचं, फळी त्याला टेकवून पुढं सारायची, म्हणजे चीर सरळ जाते.

त्या दिवशी शिसवाची फळी गाईड आणि पात्याच्या मध्ये चेपली गेली आणि पात्यानं ती उलट मागं भिरकावली. ती ह्यांच्या पोटात बसली. आवाज ऐकून मी धावले, तर हे उभेच होते. मशीनही स्वतःच बंद केलेलं. गाईड निसटून फरशीवर पडलं होतं.

"काही नाही, जरा लागलंय," म्हणाले.

घरात येऊन चहा प्याले. दुपारी पानावर बसले, भाकरी मोडली, पण खाववली नाही. संध्याकाळी चेहरा पांढरा पडायला लागला तेव्हा टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेलं. आतल्या आत रक्त साचत गेलं होतं. सकाळ उजाडली आणि हे गेले. कापलेलं नाही, रक्ताचा थेंब नाही. अंगावर फक्त एक काळानिळा डाग.

माणसं भेटायला यायची आणि जाताजाता काहीतरी बोलायची. घाई केली असेल. लक्ष दुसरीकडं असेल. मामा, म्हणजे माझे सासरे, भिंतीला टेकून ऐकून घ्यायचे. त्यांची सगळी नोकरी गिरणीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून गेली होती. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आम्हाला मूलबाळ नव्हतं. आता घरात आम्ही दोघंच उरलो.

माझा भाऊ मंगळवेढ्याहून न्यायला आला. त्याला मामा म्हणाले, "मशीन इकून टाकतो. त्याचे पैसे हिच्याच नावावर. पर ज्यानं माझं पोर खाल्लं, ते तसंच दुसऱ्याच्या घरात कसं घालू? थोडं थांबा."

मी म्हटलं, "दादा, तू जा. काम झालं की येते."

त्या गाईडला हात लावायची माझी इच्छा नव्हती. पण मामांना एकट्याला ते उचलवत नव्हतं. दोघांनी मिळून उचललं आणि अंगणात पोत्यावर ठेवलं.

सगळे आटे गंजून बसले होते. घमेल्यात रॉकेल ओतून मामांनी ते भिजत घातलं. रोज सकाळी ते पाना लावून बघायचे, मान हलवायचे आणि पुन्हा रॉकेल सोडायचे. एका सकाळी पहिला बोल्ट करकरला. "निघतोय, यव्वा," ते म्हणाले. अक्कलकोटकडचे ते, मला नेहमी यव्वाच म्हणायचे; कानडीत लेकीला मायेनं तशी हाक मारतात. मग एकेक भाग सुटत गेला. पुढचा आवळायचा दांडा, आतून आरपार गेलेली सळई, आणि टेबलाची मागची कड धरून ठेवणारा आकडा. मी प्रत्येक भाग पुसून जुन्या धोतराच्या फडक्यावर मांडत होते.

बाजूची पट्टी सुटली तेव्हा आतून दाबून बसलेल्या भुशाची ढेप पडली. तांबूस, तेलकट. तिला ह्यांच्या सदऱ्याचा वास होता. मी ती कागदात गोळा केली आणि मग तिचं काय करायचं ते मला कळेना. मामा दुसरीकडं बघत बसले. शेवटी मी ती चुलीत घातली. क्षणात पेटली.

मामांनी आकडा उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला. त्याचं टोक झिजलेलं होतं आणि सळई वाकली होती.

"हे बघ. म्होरनं आवळलं तरी मागनं पकड न्हाय. मागचं टोक पात्याकडं सरकलं की फळी चेपती. मग पातं तिला फेकनारच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे ह्यांची चूक नव्हती?"

मामांनी आकडा फडक्यावर ठेवला. खोटं बोलले असते तर मला चाललं असतं. पण ते म्हणाले, "आकडा आधीच झिजल्याला हाय, ते दिसतंय. पर सळई आधी वाकली का खाली पडून वाकली, ते कसं सांगू? आन् आवळून बघितलं हुतं का न्हाय, ते त्यालाच ठावं."

मी उठून आत गेले. त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. त्यांनीही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच फडकं घेऊन बाहेर येऊन बसले. मामांनी सळई तापवून सरळ केली. आकड्याचं टोक ओळखीच्या लोहाराकडून लोखंड चढवून भरून आणलं आणि कानशीनं घासून बसतं केलं. मग राहिली ती पट्टी, फळी जिला टेकते ती. पडल्यामुळं तिच्यावर उंचवटे आले होते. मामांनी मला दिव्यावर काजळी धरायला सांगितली. ती तेलात कालवून बिडाच्या टेबलावर पातळ सारवली आणि पट्टी त्यावर ठेवून हलकेच फिरवली. उचलली की जिथं उंचवटा तिथं काळं लागलेलं. तेवढंच घासायचं, पुसायचं, पुन्हा ठेवायचं.

हे काम संपेना. काळे ठिपके आधी दूर दूर होते, मग जवळ आले, मग सगळी पट्टी एकसारखी काळी उमटायला लागली. मलासुद्धा कळत होतं की आता झालंय. तरी मामा रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून यायचे आणि कानस उचलायचे. भावाची चिठ्ठी आली, तिला मी "अजून काम चाललंय" असं उत्तर धाडलं. मला माहेरी जाऊन काय करायचं ते कळत नव्हतं आणि हे काम संपल्यावर त्यांना काय करायचं ते कळत नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

एकदा ते असेच घासत बसले होते. पट्टीवर कानस नुसती फिरत होती, कीसही पडत नव्हता. मी त्यांचं मनगट धरलं. सुनेनं सासऱ्याचा हात धरायचा तो काळ नव्हता.

"साकु, मामा," मी म्हणाले. मला येणाऱ्या चार कानडी शब्दांतला तो एक. म्हणजे पुरे. "सरळ झालीय की हो ती."

त्यांनी कानस खाली ठेवली. काळ्या हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्यानं रडायला लागले. ह्यांच्या मातीच्या दिवशीसुद्धा ते असे रडले नव्हते. मीही रडले. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली आणि मागं झाली.

मग सगळं जोडलं. मामांनी गाईड बसवून आवळलं, दोन्ही टोकांशी पात्यापर्यंतचं अंतर मोजलं, आकड्याला हिसका देऊन बघितलं. मशीन चालू केलं तेव्हा मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. बाभळीची एक फळी त्यांनी हळूहळू पुढं सारली. ती शेवटपर्यंत सरळ चिरत गेली आणि पलीकडं दोन तुकडे शांतपणे पडले. त्यांनी लगेच बटण बंद केलं.

गिऱ्हाइकं यायची, मशीन आवडायचं, आणि गल्लीत कुणीतरी कानाशी लागलं की परत फिरकायची नाहीत. मग मोहोळचे एक सुतार आले. चाळिशीचे, मोजकं बोलणारे. गाईड सरकवून बघत म्हणाले, "एवढं झ्याक मशीन इकताय कशापायी?"

मामा खाली वाकून पाना शोधायला लागले. म्हणून मी बोलले. "ह्याच्यावर माझे मालक गेले. गाईडची मागची पकड झिजली होती. ती आता नीट केलीय. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा आमच्याकडून कळलेलं बरं."

त्यांनी टेबलावरचा हात काढून घेतला. मग मामांना म्हणाले, "खोलून दावता का?"

मामांनी खोललं. आकडा, सळई, पट्टी, एकेक त्यांच्या हातात दिलं. कसं आवळायचं, आवळल्यावर मागून कसा हिसका द्यायचा, ते दाखवलं. "रोज बघायचं," मामा म्हणाले. "घाई असली तरी. घाई असली तर आधी." ते सुतार "व्हय, व्हय" म्हणत ऐकत होते. दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन आले.

भाऊ पुन्हा आला तेव्हा मामा त्याला म्हणाले, "तिलाच इचारा." मी म्हटलं, मी राहते. ते शेड आम्ही पुढं एका तेलुगू विणकर कुटुंबाला मागांसाठी दिलं, आणि त्यांच्या चादरींच्या कडा शिवायचं काम मला मिळालं. मामा त्यानंतर बरीच वर्षं जगले. चूक कुणाची होती, हा विषय आमच्यात परत निघाला नाही. माझ्या मनात मात्र तो अजून निघतो.

मशीन गेलं त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. मामांनी शेंगाची चटणी वाढून घेतली आणि एकदम ह्यांचं नाव घेतलं, लहानपणी हाक मारायचे ते नाव. "तो चटणीशिवाय भाकरीला हात लावायचा न्हाय," म्हणाले. मग त्यांनी मला ह्यांच्या शाळेतलं, तळ्यावर पोहायला पळून जाण्यातलं, पहिल्यांदा रंधा धरून ढलपी काढण्यातलं असं काय काय सांगितलं. मी ते नाव कधी घेतलं नव्हतं, तोंडावर तर नाहीच. त्या दिवशी भांडी घासताना मी ते हळूच, माझ्यापुरतं उच्चारून पाहिलं.