खोडलेलं वाक्य

शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास आला की मला तमिळ मुलखातल्या आमच्या मेलकावेरीतलं ते नाटक आठवतं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. नाटक तमिळ होतं, माझ्या थोरल्या अक्कानं लिहिलेलं, आणि त्यातली विणकरीण मी होते. तेव्हा प्रयोगाआधी संहिता पोलिसांना दाखवावी लागे. फौजदारांनी विणकरणीचं एक वाक्य लाल पेन्सिलीनं खोडलं आणि शेजारी शिक्का मारला. वाक्य होतं, "राजा, कायदा तुझा, पण जीभ माझी." अक्का म्हणाली, "घटनेनं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय ना?" ते म्हणाले, "दिलंय अम्मा, पण त्याला मर्यादाही आहेत." "असाव्यातच. कुणाचं घर जाळा म्हटलं तर जरूर अडवा. यात कुणाचं काय जळतंय?" फौजदारांनी संहिता मिटून तिच्या हातात दिली. संध्याकाळी नदीकाठच्या मांडवात कॉफीचा आणि विड्याच्या पानांचा वास दरवळत होता, फौजदार पहिल्याच रांगेत बसले होते. ते वाक्य आलं आणि मी ते आमच्या घरच्या मराठीत म्हटलं. खोडलेलं तर तमिळ होतं! आमच्या मराठी गल्लीतल्या बायका खदखदून हसल्या. फौजदार ताडकन उठले, "काय बोललीस? तमिळमध्ये सांग, सगळ्यांना ऐकू दे!" मी पदर खोचला आणि पैलतीरावर ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये सांगितलं. मांडव टाळ्यांनी दणाणला. "हे नाटकातलं नव्हे, सार," मी म्हणाले, "तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं." आता माझे सगळे दात गेलेत. जीभ मात्र अजून माझीच आहे.