दादाचा आवाज भरून घेताना

दादाचा घसा उन्हाळ्यात बसला तेव्हा आम्हाला काहीच वाटलं नाही. जयंतीच्या महिन्यात तो दरवर्षीच बसायचा. दिवसभर चिकलठाण्याच्या कारखान्यात मशीनवर उभं राहायचं आणि संध्याकाळी गायन पार्टीबरोबर कधी हर्सूलला, कधी सिल्लोडकडच्या एखाद्या गावात भीमगीतं गायची, हे त्याचं लग्नाआधीपासून चाललेलं होतं. वहिनी हळदीचं दूध द्यायची, आठवडाभरात आवाज सुटायचा.

त्या वर्षी पावसाळा निम्मा झाला तरी सुटला नाही. मग तपासण्या झाल्या. गाठ स्वरयंत्रावर होती. स्वरयंत्र काढावं लागेल, श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"मंग बोलणं?" दादानं विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. गाण्याबद्दल त्यानं विचारलंच नाही.

बाहेर आल्यावर तो रिक्षात बसला. मग मला म्हणाला, "तुझ्या घरी कॉम्प्युटर हाय. त्यात माझी गाणी भरून घे. ऑपरेशनच्या आधी."

त्याची गाणी लोकांच्या मोबाइलमध्ये होती, पण ती गर्दीत उभं राहून घेतलेली. ढोलकी, शिट्ट्या, मंडपाचे भोंगे, आणि या सगळ्याच्या मागं कुठंतरी दादा. मी घरी लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका टाइप करून देते. आवाजाशी माझ्या कॉम्प्युटरचा कधी संबंध आला नव्हता. माइक लावून पाहिला, तर दादाच्या आवाजाखाली गिरणीसारखी घरघर येत होती.

म्हणून आम्ही तिघं, मी, दादा आणि वहिनी, शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार अदबीचा होता. म्हणाला, "ताई, घरच्या कॉम्प्युटरमध्ये साउंड कार्ड आतल्या बोर्डावरच असतं. बाकीच्या पार्टची सगळी घरघर त्यात उतरते. बाहेरून लावायचं कार्ड घ्या, आवाज एकदम साफ येतो." ती एक छोटी काळी डबी होती. ती घ्यायची हे लगेच ठरलं. अडलं ते स्पीकरवर.

त्यानं आधी मोठे स्पीकर लावले, खाली ठेवायचा धमधम करणारा डबा असलेले. काउंटरवरची काच हलायला लागली.

"यात गळा कुठंय?" दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नुसतं धपाधपा. माणसाचा आवाज ऐकायचाय भाईजान, वरात नाय काढायची."

दुकानदार हसला. त्यानं दुसरी, साधी दिसणारी जोडी काढली आणि दादापुढं माइक धरला. "बोलिये चाचा, कुछ भी बोलो. आपलाच आवाज ऐका."

दादानं गाण्याची एक ओळ म्हटली. दुकानदारानं ती आधी मोठ्या स्पीकरवर लावली, मग या जोडीवर.

मोठ्या स्पीकरवर ती ओळ भरदार वाटली होती, सर्दी झालेल्या माणसाची असावी तशी. या लहान जोडीवर सगळंच ऐकू आलं. श्वास घेताना होणारी शीळ, मधेच घासणारं काहीतरी, ओळीच्या शेवटी फाटलेला सूर. गाठ जणू कुणी टेबलावर काढून ठेवली. दुकानदारानं विचारलं नाही, पण त्यालाही कळलं असावं. त्यानं आवाज थोडा कमी केला.

वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "ते पहिलेच घेऊ ना. त्यात बरा लागतो यांचा आवाज."

दादानं ते ऐकलं. "जसा हाय तसा येऊ दे," म्हणाला. आम्ही लहान जोडी घेतली.

गाणी भरली त्या दिवशी मी खिडक्यांना चादरी लावल्या, पंखा बंद केला. ऑक्टोबरचा उकाडा होता. दादा खाटेवर बसला, मांडीवर बोटांनी ठेका धरून. पहिलं कडवं नीट गेलं. वरचा सूर आला आणि आवाज फुटला. कोमट पाणी पिऊन त्यानं पुन्हा घेतलं. पुन्हा तिथंच फुटला. दुसरी दोन गाणी कशीबशी झाली, चौथं त्यानं अर्ध्यात सोडलं. घामानं सदरा अंगाला चिकटला होता.

"राहू दे आता," तो म्हणाला. मी रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले.

जरा वेळानं तो वहिनीला म्हणाला, "नळाला पाणी आलं का मला बिनधास्त हाका मारत जा. आता म्या काय उलटून बोलणार नाय."

वहिनी हसली. हसता हसता पदर तोंडाशी नेला. "बोला हो," म्हणाली, "आत्ता बोला काय बोलायचं ते."

"काय बोलू? टाकीचं झाकण लावत जा."

ऑपरेशन झालं. गळ्यावर पांढरं फडकं आलं. तो बहिरा झाल्यासारखे शेजारी त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागले. गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र मिळालं होतं, त्यातून पत्र्यासारखा आवाज निघायचा. ते त्यानं एकदाच वापरलं आणि कपाटात टाकलं. काही सांगायचं झालं की तो मोबाइलवर टाइप करून दाखवायचा.

थंडी सरल्यावर तो एकटाच माझ्याकडे आला आणि टाइप केलं, 'गाणी लाव.' स्पीकरच्या समोर खुर्ची ओढून त्यानं सगळी ऐकली, मान खाली घालून. मग लिहिलं, 'पुसून टाक.'

"दादा, नीट भरलेली एवढीच आहेत. दुसरी नाहीत."

तो बराच वेळ टाइप करत होता. 'हे माझं गाणं नाय. हे दुखणं हाय. लोकांनी जे ऐकलं ते त्यांच्या कानात राहू दे.'

मी रडले, समजावलं. तो हलला नाही. शेवटी त्याच्या देखत मी एकेक गाणं पुसलं. नळाच्या पाण्याचं बोलणं आलं तेव्हा त्यानं माझा हात धरला आणि नको म्हणून मान हलवली. हे ठेव. वहिनीसाठी.

तो अजून कामावर जातो. आता मशीनवर नाही, स्टोअरला. यंदाच्या जयंतीला पार्टीनं त्याला बळंच स्टेजवर बसवलं, हातात खंजिरी दिली. गायला नवीन पोरगा होता. आवाज चांगला, पण अंतरा उचलताना तो चुकला, खालीच राहिला. दादानं झटकन हात वर केला, तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या. गळ्यावरचं फडकं वाऱ्यानं हलावं तसं हललं.

पोरानं मागं पाहिलं नाही. दादानं तोंड मिटलं आणि खंजिरी वाजवायला लागला. खाली माझ्या शेजारी वहिनी बसली होती. गाणं अजून चालूच होतं, तरी ती उठून चपला शोधायला लागली.