अक्कानं सांगितलेलं धुराचं शहर

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, देवासला दिलं तेव्हा मी परकर नेसत होते. भावजी तिथल्या दोन गाद्यांपैकी धाकट्या पातीच्या दरबारात नोकरीला होते. आमच्या धारेहून देवास म्हणजे काही परमुलूख नव्हे. पण बैलांच्या दमणीनं जायचं, वाटेत इंदूरला मुक्काम करायचा, त्यामुळे अक्का वर्षातून एकदाच, संक्रांतीच्या सुमारास यायची. उरलेलं वर्ष मी तिची वाट पाहण्यात काढायची.

पहिल्याच खेपेला तिनं बायस्कोपची गोष्ट आणली. देवासला टेकडीखाली तंबू लागला होता. आम्ही धारेत त्याचं नुसतं नावच ऐकलेलं. दुपारी माजघरात तीळ निवडता निवडता ती सांगायची.

"पुढे कधीतरी होणारं शहर आहे गं ते. इतका धूर की सूर्य दिसतच नाही. माणसं जमिनीखाली राहतात. आभाळात लोखंडी जहाजं फिरतात नि आग टाकतात. आणि त्यात एक मुलगी आहे, कळशी घेऊन चाललेली."

त्या मुलीबद्दल अक्काला सगळं ठाऊक होतं. ती कुठली, तिला तिथं कुणी आणलं, तिचा घास घशाखाली का उतरत नाही. घरी जायची वाट ती भेटेल त्याला विचारायची, पण त्या शहरात घर म्हणजे काय हेच कुणाला कळत नसे. इथं अक्काचा आवाज खाली यायचा.

"आणि लढाई?" मी विचारायची.

"होते की लढाईसुद्धा," एवढं म्हणून ती पुन्हा मुलीकडे वळायची.

अक्का परत गेली की मी तळ्याच्या पाळीवर बसून ती गोष्ट मनात पहिल्यापासून सुरू करायची. शेवटापर्यंत कधी पोचायची नाही. शेवट अक्कानं सांगितलाच नव्हता.

पुढे तिच्या दुसऱ्या मुलाच्या बारशाला मी देवासला गेले, तेव्हा तोच तंबू पुन्हा आला होता नि तेच चित्र दाखवत होते. अक्का बाळंतिणीच्या खोलीत. भावजींनी मला शेजारच्या बायकांबरोबर पाठवलं. आम्ही बायकांसाठी सोडलेल्या चिकाच्या पडद्याआड बसलो. पडद्यापाशी एक जण ढोलावर थाप मारून ओरडत होता, "देखो भिया, अब गिरा जहाज!" जहाजं येत होती, मनोरे कोसळत होते, माणसं सैरावैरा धावत होती. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या वाजत होत्या. मी मात्र त्या मुलीसाठी डोळे ताणून बसले होते.

आली ती. एका कोपऱ्यातून निघाली, कळशी सावरत धुरात शिरली, आणि संपलं. पुन्हा दिसली नाही. त्यानंतर नुसती आगच आग. मला रडू आलं. बायकांना वाटलं, भ्याले.

घरी येऊन मी अक्काला म्हटलं, "ती तर डोळ्याचं पातं लवेपर्यंतच आहे गं! बाकीचं तू कुठून आणलंस?"

बाळाला थोपटत तिनं त्याचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "ती धुरात शिरली नि आग लागली, तेव्हाच सासूबाई घाबरल्या. आम्ही उठून आलो. मग चुलीपाशी बसून मी तिचाच विचार करायची. नवी होते ना इथं."

आईसमोर जे बोलता येत नव्हतं, ते ती दर संक्रांतीला मला सांगत होती. तिनं माझा हात धरून जवळ ओढलं.

"आता तू सांग. पुढे जहाजं कशी पडली?"

मी उभी राहून हातवारे करून सगळं दाखवलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती. मग आम्ही दोघी मिळून ते चित्र नव्यानं रचायला बसलो.

"जहाज पडू दे," ती म्हणाली, "पण आधी तिला कुणीतरी वाट सांगू दे. नाहीतर पडलं काय नि न पडलं काय."

"नुसती वाटच विचारत बसली तर लोक उठून जातील."

"मग विचारता विचारता पडू दे."

तसंच ठरलं. बाळ उठलं म्हणून तेवढ्यावर थांबलो.

पुढच्या वर्षी भावजींना बडोद्याकडे नोकरी लागली. अक्काचं येणं आधी दोन वर्षांनी, मग कुणाच्या लग्नकार्यापुरतं, आणि मग ते राहिलंच. माझंही लग्न झालं, संसार धारेतच झाला. पुढे आमच्या गावातही चित्रं येऊ लागली, मी हौसेनं बघायला जाते. मुलं सोबत असतात, त्यांना मारामारी आवडते, मलाही आवडते. पण दिवे लागले की सगळे चपला शोधायला लागतात. तेव्हा ते चित्र नव्यानं रचायला मला अक्का फार हवी असते.