मगननानांची एकच सही

जळगावच्या विद्यापीठात, जीवशास्त्र विभागात, मगननाना एकतीस वर्षं काचसामान धूत आले. कोणी नमुना खरोखर आणला आणि कोणी घरबसल्या आकडे लिहिले, हे त्यांना बाटलीच्या तळाशी दिसायचं. नोंदवहीत 'नमुना पाहिला' या रकान्यात सही त्यांचीच लागे.

एम.एस्सी.ची प्रज्ञा मेहरूण तलावातले सूक्ष्म जीव मोजत होती. बारा सोमवार, बारा बाटल्या. तिचं काम धुळ्याला, देवपूरच्या स्पर्धेत मांडायचं होतं आणि तिथे नोंदवही दाखवावी लागणार होती. अकरा सोमवार झाले, सही एकही नव्हती. नाना दुपारी कामावर यायच्या आत ती नमुना तपासून मोकळी व्हायची. बेसिनात उरायची फक्त बाटली, तीही लखलखीत. गाळ नाही, हिरवा थर नाही.

नानांना संशय आला.

"पोरी, हाई तलावनं पानी व्हतं का नळनं?"

प्रज्ञाचा चेहरा उतरला. "नाना, मी बाटल्या धुऊन ठेवायचे. दुसऱ्याला धुवायला खरकटं देऊ नये, आई म्हणते."

"म्हणजे माझं काम तू केलंस. तुझं कोणी केलं?"

"सोमवारी तलावावर या. बारावी बाटली आहे."

सोमवारी सहाला नाना हजर. मदतीला नाही, चूक पकडायला. प्रज्ञा गुडघाभर पाण्यात शिरली. दोरीवरची खूण पाहून तिनं बारीक जाळी खाली सोडली. दोरी तिरपी गेली, तेव्हा जमलेलं सगळं ओतून दिलं आणि पुन्हा सुरुवात केली. विभागात आल्यावर दुपारपर्यंत तिनं सूक्ष्मदर्शकावरून मान उचलली नाही. नाना मागे स्टूल टाकून बसून होते.

मग त्यांनी सही केली. एकाच ओळीत.

"नाना, वरच्या अकरा?"

"पाहिलं तेवढंच."

"म्हणजे अजून मी खोटी?"

"खोटी म्हणत नाही. पाहिलं नाही म्हणतो."

देवपूरला परीक्षकांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. प्रज्ञानं घडलं ते सांगितलं. नंबर आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती नानांसमोर येऊन उभी राहिली. त्यांनी कपाटातून कोरी नोंदवही काढली, एक ते बारा आकडे घातले.

"सोमवारी सहाला मेहरूणवर. पाच मिनिटंच थांबेन."

"मी पावणेसहालाच असते, नाना."

"ते मी पाहीन."