साहेब आले की बंद पडणारी मशीन

"भाऊ, बंद पडली."

फोनवर ताराबाई होत्या. मी त्यांच्या कॉलनीतून निघून तासही झाला नव्हता. मूल गावच्या बसस्टँडसमोर मोटारसायकल उभी करून पहिलं भजं तोंडात टाकलं होतं. ते तसंच गालात धरून विचारलं, कोणासमोर बंद पडली? पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं, "सायबासमोर."

मला रागही आला आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे भजं घशात अडकलं. ही तिसरी वेळ होती. मी असताना त्यांची गवत कापायची मशीन घड्याळासारखी चालायची. ताराबाई एकट्या असल्या तरी चालायची. कॉलनीचे घाटे साहेब मैदानावर आले की पटकन बंद. मशीनला माणूस ओळखता येतो, हे माझ्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदा पाहत होतो.

माझं सिंदेवाहीला वर्कशॉप आहे. पॉवर टिलर, धान कापायचे रीपर, पाण्याचे पंप, जे फटफटतं ते सगळं माझ्याकडे येतं. ही मशीन मात्र वेगळी होती. पोंभुर्ण्याकडे जंगलाला लागून एका कारखान्याची कॉलनी आहे. तिला हे मोठं मैदान. मैदानाचं गवत गुडघ्याएवढं झालं की त्यात रानडुकरं येऊन बसतात, आणि डुकरांच्या मागे पट्टेरी अंगाचं कोण येतं ते आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. म्हणून गवत कापणं हा तिथे हौसेचा मामला नाही. त्यासाठी कारखान्याने कधीकाळी बाहेरदेशची राइड-ऑन मॉवर आणली होती. म्हणजे बसून चालवायचा बुटका ट्रॅक्टर. सीट आहे, स्टिअरिंग आहे, आणि पोटाखाली लोखंडी ताट पालथं घातल्यासारखा एक डबा. त्या डब्यात दोन पाती गरगर फिरतात. इंजिनावरून पट्टा येतो, तो पाती फिरवतो. ताराबाई तिला वासरू म्हणतात. ट्रॅक्टरचं वासरू.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे वासरू तीन वर्षांपासून शेडमध्ये मरून पडलं होतं. बनवणाऱ्या कंपनीचा आपल्याकडे कोणी डीलर उरला नव्हता. पुस्तक हरवलेलं. सीटखाली उंदरांनी संसार थाटलेला. पाती हाताने फिरवली तर करकर आवाज.

पण खरं सांगू का, असं काही दिसलं की मला गुदगुल्या होतात. मी अख्खी मशीन खोलली. पातीचं बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुतलं, आणि त्याच्या कडेवर नंबर दिसला. तोच नंबर आमच्याकडे कूलरच्या मोटारीत चालतो. मी शेडमध्ये एकटाच नाचलो. बेअरिंगला देश नसतो, नंबर असतो. मग पट्टा. जुन्या पट्ट्याचे तुकडे झालेले, म्हणून सुतळी पुलीवरून फिरवून माप घेतलं आणि मूलला राइस मिलचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कोणत्या मिलचा? मी म्हटलं, गवताच्या. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते पाहिलं, पण पट्टा दिला. तो अर्ध्या तासात जळून वास सुटला. कारण या मशीनचा पट्टा वारंवार सैल होतो, वारंवार ताणला जातो, मिलच्या पट्ट्याला ती सवय नसते. शेवटी नागपूरहून जास्त दमाचा पट्टा मागवला. स्टार्टरचा रिले एका जुन्या जीपचा बसला. पेट्रोलचा फिल्टर मोटारसायकलचा. चार गावचं सामान एका जागी जमलं आणि वासरू उठून उभं राहिलं.

ताराबाईंनी ते मैदानावर काढलं त्या दिवशी कॉलनीतली बायामाणसं गॅलरीत येऊन पाहत होती. ताराबाई मडावी म्हणजे जंगलातल्या गावची बाई, पन्नाशीच्या आसपास, अंगाने काडी. पंधरा वर्षं त्यांनी हेच मैदान इळ्याने कापलं, उकिडवं बसून, सरकत सरकत. त्यात दोन्ही गुडघे गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगून ठेवलं होतं की आता उकिडवं बसायचं नाही. म्हणजे मशीन चालली तर ताराबाईंचं काम चाललं, नाहीतर घरी. एवढा सरळ हिशोब होता, आणि तो त्यांना माझ्याहून जास्त पाठ होता.

आणि नेमकी ही मशीन साहेबासमोर मरत होती.

पहिल्या वेळी मला वाटलं पेट्रोलमध्ये कचरा. टाकी धुतली. दुसऱ्या वेळी वाटलं कॉइल तापते. कॉइल म्हणजे ठिणगी बनवणारा भाग. ती शोधायला तीन आठवडे गेले, कुरियरने आली, बसवली. सीटखालचा स्विचही मीटर लावून तपासला, चांगला होता. आता तिसरी वेळ. घाटे साहेब म्हणजे कॉलनीच्या इस्टेटचे अधिकारी, माणूस वाईट नाही पण घाईचा. त्यांनी ताराबाईंच्या हातून फोन घेऊन मला सरळ सांगितलं की शनिवारी कमिटी बसवतो, तिच्यासमोर मशीन चालली तर ठीक, नाहीतर कंडम. कंडम म्हणजे कागदावर मेलेली. मग ती भंगारात जाते आणि कोणी वाचवू शकत नाही.

शुक्रवारी सकाळीच मी कॉलनीत पोचलो. हत्यारांची पेटी उघडलीच नाही. मैदानाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बसलो आणि नुसतं पाहत राहिलो. ताराबाई फेऱ्या मारत होत्या. एक तास झाला, काही नाही. वासरू मजेत चरत होतं. मला झोप यायला लागली.

तेवढ्यात कडेच्या रस्त्यावरून घाटे साहेब पायी आले. ताराबाईंनी त्यांना पाहिलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सीटवरून वीतभर वर उठल्या. मशीन बंद.

मी ताडकन उभा राहिलो. अरे देवा. मशीन कुठे बिघडली होती? बाई उठत होत्या.

हे जरा समजावून सांगतो. या मशीनच्या सीटखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना चालवणारा सीटवरून उठला की तो इंजिन बंद करतो. माणूस पडला तर पाती त्याच्या अंगावर चालू नये म्हणून. म्हणजे स्विच आपलं काम चोख करत होता. आणि ताराबाई साहेब जाईपर्यंत बाजूला उतरून उभ्या राहायच्या, त्यामुळे साहेबांच्या देखत मशीन परत चालूही व्हायची नाही. साहेब गेले की बसायच्या, पाती जोडायचा दांडा खाली करायच्या, चावी फिरवायच्या, आणि वासरू पहिल्या हाकेला ओ द्यायचं.

साहेब नाक मुरडून निघून गेले. मी धावत ताराबाईंकडे गेलो.

"ताराबाई, तुम्ही उठल्या काऊन?"

"मी कुठी उठली?"

"आत्ता. साहेब आले तेव्हा."

"ते उठनं थोडी होय भाऊ. सायेब आले तं मानूस जरासा उठतेच ना. बसून राह्यलं तं कसं दिसन?"

त्यांचं खोटं नव्हतं. आपण उठतो हे त्यांना माहीतच नव्हतं. डोळ्याची पापणी लवते तसं ते होत होतं. मी त्यांना स्विच दाखवला, हाताने दाबून दाखवला. त्यांनी कपाळावर हात मारला आणि इतक्या हसल्या की खालीच बसायला निघाल्या. मग गुडघे आठवले, तशा मशीनला धरून उभ्याच राहिल्या.

आता उपाय काय? आमच्या धंद्यात एक शब्द आहे, डायरेक्ट करणे. स्विचच्या दोन तारा काढायच्या, एकमेकींना जोडायच्या, वर टेप. दोन मिनिटांचं काम. मग बाई उठो, नाचो, मशीन चालूच. मी तारा हातात धरल्याही होत्या. पण मैदानाला नाल्याकडे उतार आहे, आणि ताराबाई काडीएवढ्या. एखाद्या दिवशी घसरल्या तर खाली दोन पाती आहेत. मी तारा परत जागेवर बसवल्या.

मग सराव करायचं ठरलं. मी साहेब झालो. छाती काढून रस्त्यावरून चाललो. ताराबाई मस्त बसून राहिल्या. मी खूश. त्या म्हणाल्या, तुम्ही का सायेब थोडी हाये, चपलीले तं तार बांधली हाये तुमच्या. मग त्यांनीच सुचवलं की कमरेला दोरी लावून सीटला बांधून घेते. मी म्हटलं, बाई, मग तुम्ही सीट घेऊन उठाल. दुपार अशीच हसण्यात गेली, पण जाताना त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "भाऊ, माह्या आंगातच नाई ते बसून राहनं. उद्या कसं होईन?"

शनिवारी कमिटी आली. घाटे साहेब आणि दोन क्लार्क, हातात फायली. मी ठरवलं, जे होईल ते होवो, खरं सांगून टाकायचं.

"साहेब, मशीनमध्ये काही बिघाड नाही. ती तुमच्यामुळे बंद पडते."

क्लार्कांनी फायलींत डोकं घातलं. साहेब म्हणाले, "माझ्यामुळे?"

मी स्विच, सीट, साहेबांना द्यायचा मान, सगळं सांगितलं. साहेबांना पटेना. मी कधी कोणाला उठायला सांगितलं, म्हणाले. मी म्हटलं, सांगितलं नाही साहेब, पण बसून राहिलेलं कोणी आजपर्यंत दिसलं का तुम्हाला? यावर ते जरा थांबले. मग त्यांना चेवच आला. "बसून राहण्यात अवघड काय आहे? उतरा ताराबाई. मी दाखवतो."

आणि साहेब चढले. चावी फिरवली, मी पातीचा दांडा वर करून दिला, आणि निघाले. पहिली फेरी त्यांनी गंभीर चेहऱ्याने मारली. दुसऱ्या फेरीला चेहरा सुटला. तिसऱ्या फेरीला त्यांनी गोलपोस्टला उगाच दोन वेढे घातले. आमच्यासमोरून जाताना एक हात सोडून ओरडले, "बघा, बसलोय की नाही?" खरंच बसले होते. गॅलरीतली मंडळी टाळ्या वाजवायला लागली, तसे ते चौथ्या फेरीला निघाले.

तेवढ्यात गेटमधून पांढरी गाडी आत आली. जीएम साहेबांची. कारखान्यात त्यांच्या वर कोणी नाही.

गाडी आम्हाला दिसायच्या आत घाटे साहेबांची कंबर उठली. उजवा हात छातीशी गेला. मशीन बंद.

मैदानावर असा सन्नाटा की नाल्यापलीकडचा कोतवाल पक्षी ऐकू आला. घाटे साहेब तसेच अर्धे उठलेले, अर्धे बसलेले. ताराबाईंनी तोंडात पदर कोंबला आणि पाठ फिरवली, पण खांदे गदगदत होते. मी मशीनपाशी जाऊन खाली वाकून पट्टा तपासायला लागलो. पट्ट्याला काही झालं नव्हतं.

जीएम साहेब गाडीतून उतरले. "काय घाटे, पुन्हा बंद पडली?"

घाटे साहेब म्हणाले, "नाही सर. मी उठलो."

हे वाक्य बोलायला छाती लागते. त्या दिवसापासून मी त्या माणसाला मानतो. त्यांनी स्वतःच सगळी गोष्ट सांगितली, आपल्या उठण्यासकट, आणि जीएम साहेब गाडीच्या बॉनेटला टेकून हसले. मग म्हणाले, आता बाईंना चालवू द्या, मी इथेच उभा राहतो.

ताराबाई चढल्या. चावी, दांडा, वासरू सुरू. जीएम साहेबांच्या दिशेने निघाल्या. दहा हातांवर आल्या तशी सीटची स्प्रिंग किंचित वर येताना मला दिसली. इंजिन एकदा अडखळलं. ताराबाईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं आवळलं की बांगड्या मनगटावर रुतल्या, दात दाबले, मान सरळ ठेवली, आणि बसून राहिल्या. कारखान्याच्या सगळ्यात मोठ्या साहेबासमोरून बसून गेल्या. मागे कापलेल्या गवताचा सरळ पट्टा पडत गेला. फेरी पुरी करून आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. माझंही तसंच काहीतरी झालं होतं.

कंडमची फाईल तिथेच बंद झाली. आठवड्यात मशीनच्या बॉनेटवर पत्र्याची पाटी लागली. घाटे साहेबांच्या सहीचा हुकूम: मशीन चालू असताना चालकाने कोणत्याही अधिकाऱ्यासाठी उठू नये.

महिन्याने मी ग्रीस मारायला गेलो. लांबून पाहिलं तर ताराबाई मैदानाच्या मधोमध, आणि घाटे साहेब त्यांच्या अगदी जवळून जात होते. ताराबाई बसलेल्या. साहेबांनीच हात वर केला. मला इतकं बरं वाटलं की मी मैदानातून सरळ त्यांच्याकडे चालत निघालो. त्यांनी मला पाहिलं. पदर नीट केला. वीतभर उठल्या.

मशीन बंद.

"ताराबाई, आता काऊन उठल्या? पाटीवर काय लिहिलं आहे?"

"अधिकाऱ्यासाठी उठू नोको लिवलं हाये. तुम्ही का अधिकारी हाये का भाऊ? तुमच्यासाठी तं उठाच लागते."

तेव्हापासून कोणतीही मशीन आली की मी आधी पाना काढत नाही. तिच्यावर कोण बसतं आणि समोरून कोण येतं, ते विचारतो. आणि त्या कॉलनीत जायचं असलं की मी मागच्या गेटने जातो.